'टेन्शन', 'वेड' आणि शासनाचा रकाना

बंगालच्या उपसागरात 'डिप्रेशन' निर्माण झाल्याची वार्ता सप्टेंबरात आली, की उमरग्याचा शेतकरी आशेने आभाळाकडे पाहू लागतो. कमी दाबाच्या त्या क्षेत्राचा रोख पश्चिमेकडे राहिला, तर आपल्याकडे पाऊस पडतो. अर्थशास्त्राच्या वर्गात हाच शब्द 1929 च्या महामंदीसाठी येतो व विद्यार्थी तो निर्विकारपणे उतरवून घेतात. मनोविकारतज्ज्ञाच्या चिठ्ठीवर मात्र तो आला, की घरची माणसे ती चिठ्ठी घडी घालून लपवतात.

मनाच्या दुखण्यासाठी आपल्या बोलण्यात आज दोनच शब्द उरले आहेत. परीक्षा, बँकेचा हप्ता, सोयाबीनचा भाव, मुलीचे लग्न, हे सारे 'टेन्शन'. आणि त्याच्या पलीकडे जे काही असेल ते 'वेड'. पहिल्यासाठी कोणी दवाखान्यात जात नाही, कारण ते सर्वांनाच असते. दुसऱ्यासाठीही जात नाही, कारण 'येरवड्याला पाठवा' ही आपल्याकडे शिवी आहे. राज्यातील जुन्या चार मनोरुग्णालयांपैकी, म्हणजे येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी यांपैकी, एकही मराठवाड्यात नाही, ही गोष्ट निराळीच. या दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेत उपचाराने बरी होणारी दुखणी निनावी पडून राहतात.

भाषा पूर्वी इतकी दरिद्री नव्हती. सतत टोचणारी काळजी म्हणजे 'घोर'. अकस्मात भयाने खचणे म्हणजे 'धसका'. उमेद सरून माणूस हळूहळू खंगत जाणे म्हणजे 'हाय खाणे'. तेच तेच कृत्य पुन्हा पुन्हा करण्याच्या विकाराला तर 'मंत्रचळ' हा नेमका शब्द आपल्याकडे होता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने औसा व उमरगा तालुक्यांतील गावे भुईसपाट केली, तेव्हा वाचलेल्या कित्येकांनी पुढे दगडी माळवदाखाली निजण्याचा धसका घेतला. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवानंतर अशा अवस्थेला 1980 साली आपल्या वर्गीकरणात स्वतंत्र स्थान दिले होते. मराठीत तिला 'आघातोत्तर तणाव विकृती' म्हणतात. पुनर्वसनाच्या हिशेबात घरे मोजली गेली, भिंती मोजल्या गेल्या; धसका मोजण्याचे माप कोणाजवळ नव्हते.

अर्थात जुन्या शब्दांचे गोडवे गाऊन भागणार नाही. 'हाय खाल्ली' या उद्गारात सहानुभूती आहे, परंतु उपचाराची वाट नाही. तो बहुधा माणूस गेल्यावरच उच्चारला जातो. उलट कोशातील शब्द शास्त्रशुद्ध असूनही कधी कधी दिशाभूल करतात. 'छिन्नमनस्कता' म्हटले, की एका देहात दोन माणसे, असा समज सुशिक्षितही करून घेतात. वास्तविक त्या रोगात भास होतात, संशय बळावतो, विचारांची संगती तुटते. दोन व्यक्तिमत्त्वांशी त्याचा संबंध नाही. जपानमध्येही या रोगाचे नाव 'मन दुभंगण्याचा रोग' अशाच अर्थाचे होते. 2002 साली ते बदलण्यात आले आणि रुग्णाला त्याच्या रोगाचे नाव स्पष्टपणे सांगणाऱ्या डॉक्टरांचे प्रमाण वाढले. शब्द बदलल्याने रोग बरा होत नाही, हे खरे. पण त्याविषयी बोलता तरी येते.

नैराश्याची ओळख पटवणारी, जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. तीत 'तुम्हाला नैराश्य आहे काय?' असा प्रश्नच नाही. गेल्या दोन आठवड्यांत कशातही रस वाटेनासा झाला का, झोप उडाली का, भूक मंदावली का, जगणे नकोसे वाटले का, असे साधे प्रश्न आहेत. आपल्या शेजाऱ्याला हे विचारण्यास पदवी लागत नाही. 2022 पासून सुरू असलेल्या 14416 या शासकीय दूरध्वनी सेवेवरही रोगाचे नाव सांगावे लागत नाही. झोप लागत नाही, एवढे सांगितले तरी पुरते.

आता शासनाच्या शब्दकोशाकडे वळू. 2015 साली 'बळीराजा चेतना अभियान' यवतमाळबरोबर आपल्याच, तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात सुरू झाले, ते उगाच नव्हे. शेतकऱ्याने आत्महत्या केली, तर त्याच्या वारसांना एक लाख रुपये देण्याचे निकष डिसेंबर 2005 च्या शासन निर्णयात आहेत: नापिकी, थकलेले कर्ज, वसुलीचा तगादा. त्यावरून प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरते. वर्षभर न झोपलेल्या, जेवणावरची वासना उडालेल्या माणसाच्या विधवेने चौकशीत ते आजारपण सांगावे काय? सांगितले, तर कर्जाचे कारण दुबळे ठरण्याची धास्ती. न सांगितले, तर मदतीची आशा टिकते आणि आजार कायमचा कागदावरून पुसला जातो. त्या बाईने काय निवडावे, हे सांगण्याचा अधिकार निदान आपल्याला, पहिल्या तारखेला पगार घेणाऱ्यांना, नाही.

कर्ज की आजार, हा प्रश्नच चुकीचा आहे. थकबाकीने झोप जाते. झोप गेलेला माणूस पेरणीचा निर्णय नीट घेऊ शकत नाही. पीक गेले, की थकबाकी वाढते. अर्थशास्त्रात अशा चक्राची दोन टोके तोडून एकालाच कारण म्हणणारा विद्यार्थी नापास होतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले आहे. जो वाचला त्याच्याबाबत कायदा जे मानतो, ते जो गेला त्याच्या चौकशीतही मानावे. चौकशीच्या नमुन्यात आजाराचा रकाना असावा, आणि तो भरल्याने मदत नाकारली जाणार नाही, असे त्याच्याखाली स्वच्छ मराठीत छापावे.