विश्लेषण : पहिली सेडान, बेताचे बजेट... मायलेजच्या आकड्यावर किती विसंबावे?

पहिली गाडी घ्यायला शोरूममध्ये गेलेल्या कुटुंबाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ विक्रेताही तयारच असतो. पंचवीस, सव्वीस, सीएनजी असेल तर तेहेतीस. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि दुचाकीवरून चारचाकीकडे वळू पाहणाऱ्यांच्या आवाक्यात छोट्या सेडान पुन्हा आल्या. मात्र ज्यांचे बजेट हात आखडते घ्यायला लावणारे आहे, त्यांच्यासाठी कंपनीने सांगितलेल्या मायलेजपेक्षा एक वेगळा आकडा महत्त्वाचा ठरतो. गाडी महिन्याला किती किलोमीटर धावणार? बाकीचे बहुतेक निर्णय त्यावर अवलंबून आहेत.

छोट्या सेडानची लांबी चार मीटरच्या आतच का?

कारण करात आहे. २००६-०७ च्या अर्थसंकल्पात ४००० मिलिमीटरपेक्षा लांब नसलेल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल, तर १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल इंजिनाच्या गाड्यांवरील उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्के करण्यात आले. डिकी असलेली गाडी या मापात बसवण्याची धडपड तेव्हापासून सुरू झाली. २००८ मध्ये टाटांची इंडिगो सीएस आली. मारुतीची डिझायर आधी ४१६० मिलिमीटर लांब होती. २०१२ मध्ये तिची शेपटी छाटून ती ३९९५ मिलिमीटरवर आणली गेली. आज डिझायर, होंडा अमेझ आणि ह्युंदाई ऑरा या तिघींची लांबी ३९९५ मिलिमीटर आहे, हा योगायोग नव्हे.

जीएसटीतही हीच रेषा कायम राहिली. या गाड्यांवर आधी २८ टक्के जीएसटी आणि पेट्रोलसाठी १ टक्का उपकर होता, आता सरसकट १८ टक्के. होंडा सिटीसारख्या मोठ्या सेडानवर एकूण ४५ टक्के कर होता, तो ४० झाला. म्हणजे दोन्ही गटांतील करांत पूर्वी १६ टक्के गुणांचे अंतर होते, आता २२ चे आहे. बजेट खरोखरच मर्यादित असेल तर मोठ्या सेडानच्या वाटेला न जाणेच बरे. कपातीनंतर चार मीटरच्या आतील सेडानच्या एक्स-शोरूम किमती मॉडेलनुसार साधारण साडेपाच ते साडेसात लाखांपासून सुरू झाल्या.

कंपनीचा आकडा रस्त्यावर का उतरत नाही?

मायलेजचे अधिकृत आकडे ज्या चाचणीतून येतात, ती प्रयोगशाळेत होते. पुण्यात वेताळ टेकडीवर असलेली ‘एआरएआय’ ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था या कामासाठी ओळखली जाते. गाडी रोलरवर ठेवली जाते आणि ठरवून दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे तिचा वेग कमी-जास्त केला जातो. सुमारे वीस मिनिटे, साधारण साडेदहा किलोमीटर, सरासरी वेग तासाला ३२ किलोमीटरच्या आसपास आणि कमाल वेग ९०. एसी बंद. गाडीत चार माणसे आणि सामान नाही, खड्डे नाहीत, सिंहगड रोडची संध्याकाळ तर नाहीच नाही.

यात फसवणूक नसते. सर्व गाड्यांना एकाच तराजूत तोलण्याची ही पद्धत आहे आणि तुलनेपुरती ती उपयोगी आहे. नव्या डिझायरच्या मॅन्युअल गाडीचा जाहीर आकडा २४.७९ किलोमीटर प्रतिलिटर आहे, तिसऱ्या पिढीच्या अमेझचा १८.६५. यातून डिझायर कमी पेट्रोल पिईल एवढे नक्की कळते. ती प्रत्यक्षात पंचवीस देईल, असे मात्र त्यातून कळत नाही. भर गर्दीत एसी लावून गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असेल, तर कोणत्याही पेट्रोल गाडीचा आकडा बराच खाली येतो. महामार्गावर वेगाचा फटका बसतो. ताशी ८० ऐवजी ११० किलोमीटरने गाडी हाकली की हवेचा रोध जवळपास दुप्पट होतो आणि त्याची किंमत टाकीतून जाते.

त्यात आता पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे थोडी घट अटळ आहे. मूळ साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींमध्ये ती ६ ते ७ टक्के असेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ मधील अहवालातच होता.

खरे मायलेज मोजण्याची पद्धत मात्र फारच साधी आहे. नॉझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवायचा, तीनशे-चारशे किलोमीटरनंतर त्याच पंपावर तशीच टाकी भरायची आणि भागाकार करायचा. गाडी घेण्याआधी हे करता येत नाही. पण तेच मॉडेल त्याच शहरात वर्षभर चालवणाऱ्या नातेवाइकाला किंवा सोसायटीतल्या शेजाऱ्याला असा हिशेब विचारता येतो. माहितीपत्रकापेक्षा तो अधिक कामाचा.

दोन किलोमीटर जास्त मायलेजने किती पैसे वाचतात?

येथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. समजा, एक गाडी शहरात लिटरला १६ किलोमीटर देते आणि दुसरी १८. पेट्रोल १०४ रुपये लिटर धरू. महिन्याला ५०० किलोमीटर, म्हणजे वर्षाला ६००० किलोमीटर धावणाऱ्या कुटुंबाला पहिल्या गाडीत ३७५ लिटर लागतील, दुसरीत सुमारे ३३३. वर्षाची बचत साधारण ४३०० रुपये, महिन्याला साडेतीनशेच्या घरात. महिन्याला हजार किलोमीटर धावणाऱ्याची बचत याच्या दुप्पट. पैसे थोडे म्हणून सोडून द्यावेत असे नाही, पण या साडेतीनशे रुपयांसाठी लाखभर महागडी गाडी घेणे हिशेबात बसत नाही.

याउलट ज्या आकड्याकडे फारसे कोणी पाहत नाही, तो कर्जाच्या मुदतीचा. सहा लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १२,६०० रुपये येतो आणि एकूण व्याज १ लाख ५६ हजार जाते. ‘हप्ता दहा हजारांच्या आत बसवून देतो’ असे म्हणत तेच कर्ज सात वर्षांचे केले की हप्ता ९८०० रुपये होतो आणि व्याज २ लाख २४ हजारांच्या जवळ पोहोचते. वरचे ६८ हजार रुपये कुठून वसूल होणार? वर्षाला ४३०० रुपयांच्या इंधनबचतीतून ते भरून निघायला पंधरा वर्षांहून अधिक काळ लागेल. खासगी गाडीच्या नोंदणीची पहिली मुदतच १५ वर्षांची असते. हप्ता झेपत नसेल तर मुदत वाढवण्यापेक्षा एक व्हेरियंट खाली उतरणे शहाणपणाचे. सनरूफ आणि मोठा स्क्रीन यांच्याविना गाडी तेवढीच धावते.

सीएनजी कोणाला परवडते?

सीएनजी गाडी पेट्रोलपेक्षा साधारण ९० हजारांनी महाग पडते. महाराष्ट्रात मात्र यातला काही भाग करात परत मिळतो. दहा लाखांपर्यंतच्या वैयक्तिक पेट्रोल गाडीवर राज्यात ११ टक्के मोटार वाहन कर आहे, सीएनजीवर ८ टक्के. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एक टक्का वाढवण्यापूर्वी तो ७ होता. साडेसात लाखांच्या पेट्रोल गाडीला ८२,५०० रुपये कर, तर ८ लाख ४० हजारांच्या सीएनजी गाडीला ६७,२००. म्हणजे खरा फरक ७५ हजारांच्या आसपास उरतो.

आता रोजचा खर्च. पेट्रोलवर लिटरला १६ किलोमीटर धरले तर किलोमीटरमागे साडेसहा रुपये. सीएनजी ८० रुपये किलो आणि किलोला २५ किलोमीटर धरले तर ३ रुपये २० पैसे. किलोमीटरला ३ रुपये ३० पैसे वाचले, तर ७५ हजार वसूल व्हायला सुमारे २३ हजार किलोमीटर धावावे लागेल. बदलापूर ते ठाणे किंवा चाकण ते हिंजवडी अशी रोजची ये-जा करून महिन्याला हजार किलोमीटर करणाऱ्याचे पैसे दोन वर्षांच्या आत फिटतात. त्याच्यासाठी सीएनजीला तोड नाही. शनिवार-रविवारी बाजारहाट आणि वर्षातून दोनदा गावी, असे महिन्याला ४०० किलोमीटर धावणाऱ्याला मात्र जवळपास पाच वर्षे थांबावे लागेल. दोघांनाही शोरूममध्ये एकच सल्ला मिळतो, हे विशेष.

शिवाय पैशांत न मोजल्या जाणाऱ्या गोष्टी आहेत. सेडान घ्यायची ती डिकीसाठी, आणि सिलिंडर नेमका तिथेच बसतो. टाटांनी टिगोरमध्ये एकाऐवजी दोन लहान सिलिंडर तळाशी बसवून काही जागा वाचवली आहे; तरी पेट्रोल टिगोरची ४१९ लिटरची डिकी त्यात मिळत नाही. ताकदही घटते. डिझायरचे इंजिन पेट्रोलवर सुमारे ८२ अश्वशक्ती देते, सीएनजीवर सुमारे ७०. पाच माणसे आणि सामान घेऊन कसारा किंवा खंबाटकी घाट चढताना हा फरक पायाला जाणवतो. सिलिंडरची दर तीन वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागते. मुंबई-ठाणे-पुण्यात पंप पुष्कळ, तशा रांगाही पुष्कळ. तळकोकणात किंवा मराठवाड्याच्या आतल्या भागात वारंवार जाणे असेल, तर वाटेतले पंप आधी पाहून घेतलेले बरे. गॅस संपला तर गाडी पेट्रोलवर चालते हे खरे, पण मग जादा मोजलेल्या पैशांचा उपयोग तेवढ्या प्रवासापुरता शून्य.

टॅक्सीवाले सीएनजी सेडान का घेतात, याचे उत्तर याच हिशेबात आहे. त्यांची गाडी महिन्याला घरगुती गाडीच्या कैक पट धावते. ‘टॅक्सीवाले घेतात म्हणजे चांगलीच असणार’ हा तर्क म्हणूनच अर्धाच खरा. डिझेलचा प्रश्न तर उरलेलाच नाही. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल गाड्या थांबवल्या आणि पुढे इतरांनीही. आज चार मीटरच्या आतील नव्या सेडानमध्ये डिझेलचा पर्याय नाही.

मायलेजसाठी सुरक्षेशी तडजोड करावी लागते का?

हलकी गाडी जास्त मायलेज देते आणि ती तकलादू असते, असा समज बरीच वर्षे होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या डिझायरला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले, आणि या गटात मायलेजचा जाहीर आकडाही तिचाच वरचा. डिझायर, ऑरा आणि तिसऱ्या पिढीची अमेझ यांच्या सर्व व्हेरियंटमध्ये सहा एअरबॅग आहेत. त्यामुळे सुरक्षेसाठी वरचे व्हेरियंट घ्यावे लागते, ही सबबही आता फारशी राहिलेली नाही. ताऱ्यांसोबत चाचणीचे वर्षही पाहावे. अमेझच्या मागील पिढीला २०१९ मध्ये चार तारे होते. निकष कडक झाल्यावर २०२४ मध्ये प्रौढांसाठी दोन आणि मुलांसाठी शून्य तारे मिळाले.

जुनी सेडान घेणे हा मार्ग कितपत बरा?

चार-पाच लाखांच्या वर जायचेच नसेल आणि वापर थोडा असेल, तर हाच मार्ग अधिक बरा. गाडीच्या किमतीतली सर्वांत मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते आणि महिन्याला ४०० किलोमीटरच्या वापरात दोन-तीन किलोमीटर कमी मायलेजचा भार हलका असतो. एप्रिल २०२५ मध्ये बंद झालेली मारुतीची सियाझ किंवा जुनी होंडा सिटी अशा ऐसपैस गाड्या या किमतीत सापडतात. एप्रिल २०२३ पूर्वीची गाडी असेल तर ती २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला चालते का, हे मॅन्युअलमध्ये किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये विचारून घ्यावे.

कागदपत्रांत घाई नको. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३०, थकलेली ई-चलने, सर्व्हिसच्या नोंदींशी जुळणारे किलोमीटर. दिल्लीत जुन्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध असल्याने तिथल्या वय झालेल्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार नव्याने नोंदणी करावी लागते आणि महाराष्ट्राचा करही भरावा लागतो. तो जमेस धरला की दिल्लीचा स्वस्तपणा बराचसा आटतो.

नव्या गाडीच्या ऑन-रोड किमतीतही घासाघीस करण्याजोगी जागा असते ती मुख्यतः विम्यात. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. १००० ते १५०० सीसीसाठी त्याचा मूळ दर १०,६४० रुपये असा ठरवून दिलेला आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र कंपनीगणिक बदलतो, आणि तो डीलरकडूनच घेतला पाहिजे असे बंधन ग्राहकावर नाही. बाहेरच्या दोन-तीन कंपन्यांचे दर हातात घेऊन गेलेल्या ग्राहकाला डीलरच्या कागदावरील विम्याचा आकडा खाली येताना अनेकदा तिथेच दिसतो.