अल्लाबंद आणि माणसांचे बांध

नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघे कच्छला गेलो. मांडवीचा समुद्र, पांढरे रण हे मुलांच्या आवडीचे झाले. मी एक दिवस लखपतसाठी मागून घेतला. भुजहून सुमारे १३५ किलोमीटर. नखत्राणा मागे पडले की माणूस कमी, गांडा बावळ जास्त. शेवटी सात किलोमीटरची दगडी तटबंदी दिसते आणि आत जवळजवळ काहीच नाही. तटावर चढलो तर समोर कोरी खाडी आणि चिखलाचे मैदान.

"अब्बू, इथे बंदर होते?" लेकीने विचारले.

होते. सिंधूचा एक फाटा इथे येत असे, भातशेती होत असे. १६ जून १८१९ च्या भूकंपात उत्तरेकडे जमिनीचा लांबच लांब पट्टा वर उचलला गेला, सिंद्रीचा किल्ला पाण्याखाली गेला. त्या उंचवट्याला लोकांनी नाव दिले अल्लाबंद, म्हणजे अल्लाने घातलेला बांध.

वर्गात आपण इथेच थांबतो. निसर्गाचा कोप, धडा संपला. पण हे नाव पडले ते माणसांच्या बांधांपासून वेगळे ओळखता यावे म्हणून. १७६२ साली झाऱ्याला सिंधचा गुलामशाह कल्होरा आणि कच्छचे राव यांची मोठी लढाई झाली. त्यानंतर कच्छचे पाणी तोडायला गुलामशाहने नदीवर बांध घातला. शेती भूकंपाआधीच सुकू लागली होती.

मुलगा नववीत आहे. त्याने हळूच विचारले, "म्हणजे मुसलमानाने पाणी तोडले?"

हा प्रश्न त्याला कुठून सुचला ते मला माहीत आहे. विषय बदलणे सोपे होते. मी म्हणालो, "हो, तोडले. आणि तू उभा आहेस तो तट १८०१ मध्ये फतेह मुहम्मदने बांधला. तोही मुसलमान, कच्छचा जमादार. पाणी गेले तेव्हा शेत फक्त हिंदूंचे सुकले नाही."

आपण मुसलमान पालक-शिक्षक इथेच चुकतो असे मला वाटते. आपला म्हणून गुलामशाहला झाकायचे आणि फतेह मुहम्मदला मिरवायचे, हे जमणार नाही. दुसरे लोक नेमके उलटे करतात, तेही चुकीचेच. जुलूम करणाऱ्याचा धर्म विचारण्याआधी सुकलेले शेत कोणाचे होते ते विचारावे, एवढे जरी मुलांना शिकवता आले तरी पुष्कळ झाले. कुरआनही होऊन गेलेल्यांच्या खुणा पाहायला सांगतो, त्या शहाणे होण्यासाठी. हिशेब चुकते करण्यासाठी नव्हे.

तटावरून उतरून आम्ही गुरुद्वाऱ्यात गेलो. गुरू नानक इथे मुक्कामाला होते असे सांगतात. तिथून पीर गौस मुहम्मदच्या कुब्यावर फातिहा पढलो. दोन्हीकडे चपला काढताना मुलांना काही समजवावे लागले नाही.

१८२६ मध्ये सिंधूला मोठा पूर आला. माणसांचे बांध फुटले, अल्लाबंदलाही वाट पडली आणि गोडे पाणी पुन्हा लखपतकडे आले. टिकले नाही, पण आले होते. परतीच्या गाडीत हे सांगितले, तेव्हा मुलगा एवढेच म्हणाला, "हे पुस्तकात का नाही?"

उत्तर शिक्षकांनीच द्यायचे आहे.