जुनी जगे, नवे नियम

'माइनक्राफ्ट'ची बीटा १.८ ही आवृत्ती १४ सप्टेंबर २०११ रोजी आली. स्टॉकहोमच्या मोजांग कंपनीने तिला 'ॲडव्हेंचर अपडेट'चा पहिला भाग म्हटले. या खेळाचा बीटा टप्पा २० डिसेंबर २०१० ला सुरू झाला होता. त्यात पलंग आले, पिस्टन आले, रेडस्टोनची, म्हणजे खेळातल्या विजेची, मंडले आणखी कामाची झाली. पण ही सगळी भर होती. १.८ने मात्र खेळाचे पायाभूत नियमच बदलले आणि लोकांनी महिनोन्‌महिने खपून उभारलेल्या जगांनाही ते लागू झाले. बांधकामाचा खेळ घडवणाऱ्यांनी हे अपडेट आजही बारकाईने अभ्यासण्याजोगे आहे.

पहिला मोठा बदल भुकेचा. त्याआधी भाजलेले डुकराचे मांस खाल्ले की तत्क्षणी चार हृदये भरून येत. मारामारी ऐन रंगात असताना खेळाडू एकेक तुकडा गिळून सहज तग धरी. बहुतेक खाद्यपदार्थ एकावर एक रचता येत नसत, त्यामुळे जवळ किती बाळगायचे यालाच काय ती मर्यादा होती. १.८मध्ये दहा तंगड्यांची भूकपट्टी आली. अन्न आता जीव न भरता पोट भरू लागले, आणि प्रत्येक घासाला दीडेक सेकंद लागू लागला. पट्टी किमान नऊ तंगड्या भरलेली असेल, तर दर चार सेकंदांनी अर्धे हृदय आपोआप भरून येई. ती तीन तंगड्यांवर उतरली की धावणे बंद. हे धावणेही याच आवृत्तीत आले होते. हालचाल, लढाई आणि शेती हे तीन सुटे भाग एका पट्टीने जोडले गेले. ही रचना उत्तम होती आणि तिचा गाभा आजही टिकून आहे.

धनुष्य ताणून सोडावे लागू लागले. अनुभवाचे गोळे मिळू लागले, पण ते खर्च करायची सोय बीटा संपल्यावर आलेल्या पूर्ण खेळाच्या १.० आवृत्तीतच झाली. गावे उभी राहिली, त्यांतले गावकरीही १.०मध्येच आले. बांधकाम करणाऱ्यांना दगडी विटा, काचेची तावदाने, लोखंडी गज असे साहित्य मिळाले. त्याहून मोलाचा ठरला क्रिएटिव्ह मोड: साहित्य अमर्याद, उडण्याची मुभा आणि मरणाची भीती नाही. त्याच अपडेटमधले एंडरमन हे प्राणी मात्र दगडासह अनेक प्रकारचे ठोकळे उचलून नेत. दुसऱ्याने बांधलेल्या भिंतीला खेळाने हात लावावा का, हा प्रश्न तेव्हाच पुढे आला. १.० येईपर्यंत त्यांची यादी छाटून माती, वाळू, खडी अशा मोजक्या ठोकळ्यांवर आणली गेली. हा निर्णय योग्यच होता.

सर्वांत दूरगामी बदल भूरचनेचा. नद्या, खोल घळी, विस्तीर्ण समुद्र आणि पडक्या खाणी देणारा नवा जनरेटर आला. मूळ बिंदूपासून सुमारे सव्वा कोटी ठोकळ्यांवर गणित ओसंडून जमीन वेडीवाकडी होई, ती 'फार लँड्स'ही गेली. जुन्या जगांचे काय झाले हे कळण्यासाठी साठवणुकीची पद्धत पाहावी लागते. जग १६ बाय १६ ठोकळ्यांच्या चंकमध्ये विभागलेले असते आणि एकदा तयार झालेला चंक डिस्कवर तसाच राहतो. खेळाडू नव्या भागात पाऊल टाकतो तेव्हाच पुढचा चंक सीडवरून, म्हणजे त्या जगाच्या मूळ आकड्यावरून, तयार होतो. त्यामुळे जुन्या जगात जिथे पूर्वीची पायपीट थांबली होती, तिथे डोंगर सुरीने कापल्यासारखा उभा तुटलेला दिसे आणि त्याच्या पायथ्याशी थेट समुद्र लागे.

ही कड निदान डोळ्यांना दिसत होती. दुसरे नुकसान खुद्द जुन्या चंकच्या आत झाले. ठोकळे साठवलेले होते, पण कुठे कोणता बायोम, म्हणजे हवामानाचा प्रदेश, आहे हे कुठेच लिहून ठेवलेले नव्हते. ते दर वेळी सीडवरून काढले जाई. काढण्याचे सूत्र बदलताच बांधलेल्या घरांभोवतीचे गवत वेगळ्या रंगाचे झाले. १.८मध्ये बर्फाळ बायोम नव्हतेच, त्यामुळे डोंगरावर साठलेले बर्फ राहिले, पण नवे पडेना. १.०मध्ये हिमवर्षाव परतला, तो नव्या नकाशाला मंजूर असेल तिथेच. हिमप्रदेश निवडून तिथे किल्ला बांधणाऱ्याचे यात काहीच चुकले नव्हते.

मार्च २०१२मधल्या १.२ आवृत्तीने अँव्हिल ही नवी साठवण पद्धत आणली आणि बायोम चंकमध्येच नोंदवले जाऊ लागले. त्याला लागली चंकमागे २५६ बाइट जागा, दर स्तंभाला एक. कापलेल्या कडांवरचा इलाज नोव्हेंबर २०२१च्या १.१८ आवृत्तीत आला. त्यात जुन्या आणि नव्या भूरचनेचा सांधा हळूहळू जुळवला जातो. जुनी आवृत्ती निवडून खेळण्याची मुभाही अधिकृत लाँचरने २०१३मध्ये दिली. १.८ आली तेव्हा तशी सोय नव्हती.

'बीटा' या पाटीने तांत्रिक जबाबदारी कमी होते, हा समज सोडून द्यावा. जनरेटरचे सूत्र बदलण्याआधी, त्यातून निघणारी आणि खेळाडूला दिसणारी प्रत्येक गोष्ट सेव्ह फाइलमध्ये उतरली आहे की नाही हे तपासावे. प्रत्येक चंकवर तो घडवणाऱ्या जनरेटरचा आवृत्ती क्रमांक पहिल्या दिवसापासून लिहावा.