आपला आवाज, आपलेच यंत्र

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर रत्नागिरीजवळच्या एका वाडीतले वयोवृद्ध भीमगीत गायक जुनी कॅसेट पिशवीत घालून माझ्याकडे आले. तीस वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका कंपनीने त्यांची आठ गाणी रेकॉर्ड केली होती. शब्द त्यांचे, चाल त्यांची, गळाही त्यांचाच. हातावर एकरकमी काही रुपये ठेवले गेले, कागद एकही झाला नाही. आज तीच गाणी पोरांच्या मोबाइलवर वाजतात, पण खाली त्यांचे नाव नाही. त्यांचा प्रश्न एकच होता, "वकीलसाहेब, माझी गाणी मला परत मिळतील का?"

मी म्हटले, "काका, गाणी तुमच्याकडून गेलीच कुठे?"

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एका गाण्याचे अनेक मालक असू शकतात. शब्दांचा पहिला मालक कवी, चालीचा पहिला मालक संगीतकार. हा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीचा कागद लागतो, तोंडी व्यवहाराने तो जात नाही. काका कंपनीचे नोकर नव्हते, म्हणून शब्द आणि चाल आजही त्यांचीच आहे. स्वतःचे नाव लावून घेण्याचा हक्कही त्यांचा आहे आणि त्यासाठी नोटीस देता येते. मात्र ध्वनिमुद्रणाचा कर्ता कायद्याने निर्माता ठरतो, म्हणजे ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. त्या कॅसेटमधला आवाज काकांचा असला तरी ते ध्वनिमुद्रण कंपनीचे आहे. तेव्हा मार्ग सरळ आहे: तीच गाणी पुन्हा गायची आणि या वेळी निर्माता आपणच व्हायचे.

बंधूंनो, हा धडा आपल्याला नवा नाही. १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला तेव्हा पैसे देऊ केले तरी 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. त्या 'केसरी'चे टिळक याच रत्नागिरीत जन्मलेले. बाबासाहेब कोणाच्या दारात विनवण्या करत बसले नाहीत. त्यांनी स्वतःची पत्रे काढली, पुढे स्वतःचा भारतभूषण छापखाना उभा केला. त्या काळी छापखान्याचे जे मोल होते, तेच आज रेकॉर्डिंगच्या यंत्राचे आहे.

"एवढा पैसा कुठून आणायचा?" हा प्रश्न लगेच येतो. घरात चालता लॅपटॉप असेल तर साधारण वीस हजारांत काम सुरू होते. दोन माइक जोडता येतील असा एक ऑडिओ इंटरफेस, एक-दोन डायनॅमिक माइक, स्टँड, वायरी आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन, एवढेच सामान. ऑडॅसिटीसारखे सॉफ्टवेअर फुकट मिळते. महागड्या कंडेन्सर माइकच्या मोहात पडू नका. तो खोलीतला घुमारा, शेजारचा मिक्सर, रस्त्यावरची रिक्षा सगळे टिपतो. डायनॅमिक माइक जवळून गाणाऱ्याचाच आवाज प्रामुख्याने घेतो आणि दमट हवेतही टिकतो.

खोली मोठी नको, सामानाने भरलेली हवी. रिकाम्या चिऱ्याच्या भिंतींवर आवाज आपटून परत येतो. गायकाच्या मागे आणि बाजूला जाड गोधड्या टांगा, खाली सतरंजी अंथरा, कपाटाची दारे उघडी ठेवा. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून बाहेरचा आवाज थांबत नाही, त्यात वेळ घालवू नका. कोकणात पत्र्यावर पाऊस सुरू झाला की रेकॉर्डिंग बंद. म्हणून काम दिवाळीनंतर धरा, म्हणजे १४ एप्रिलपूर्वी गाणी तयार होतील. पंखा बंद ठेवा. लॅपटॉप बॅटरीवर चालवला तर विजेची घरघर अनेकदा जाते. ढोलकी गळ्यावर चढते, म्हणून ती वेगळी घ्या आणि गायकाने ती हेडफोनमध्ये ऐकत गावे. आवाजाची पातळी लाल रेघेच्या बरीच खाली ठेवा. एकदा फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही, हळू आवाज मात्र नंतर वाढवता येतो.

जयंतीच्या एका रात्री आपण डीजेवर किती उधळतो, याचा हिशेब प्रत्येक गावशाखेने आणि मुंबई शाखेने एकदा मांडावा. भिंती हादरवणारा तो आवाज सकाळी उरत नाही. तोच पैसा विहाराच्या एका खोलीत घातला तर पिढ्यान्‌पिढ्या पुरेल असा ठेवा तयार होईल. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आणि रमाईचे वणंद याच जिल्ह्यात आहे. इथल्या म्हाताऱ्या आयांना भीमाच्या, रमाईच्या कितीतरी ओव्या पाठ आहेत. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांच्या उपक्रमातून माजलगावच्या भीमनगरातील बायांच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या, म्हणून त्या आज ऐकता येतात. आपल्या आया कोणाची वाट पाहत आहेत?

शेवटी एक कडू गोष्ट. यंत्र हाती आले म्हणून आपणच शोषक व्हायचे नाही. वामनदादा कर्डक २००४ साली गेले. त्यांच्या गीतांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत कायम आहे. ते गीत रेकॉर्ड करायचे तर हक्कदाराची परवानगी घ्या आणि नाव लावाच. गावातल्या कवीशीही एक पानाचा करार करा: कोणते गाणे, किती वर्षे, कोणत्या प्रदेशासाठी, किती मोबदला. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर कवी-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा कोणी लिहून घेतला तरी हिरावता येत नाही. कोरिंतल्या पोरींची आणि ढोलकीवाल्याचीही नावे द्या. कलाकाराला नावाचा हक्क कायद्याने आहे.

काकांची दोन गाणी माझ्या माडीवर गोधड्यांच्या आडोशाने रेकॉर्ड झाली. ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "खाली नाव मोठ्या अक्षरांत लिवा." उरलेली सहा दिवाळीनंतर.

जय भीम!