ती खुर्ची रिकामी राहू देऊ नका

आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस सरकारी रुग्णालयातून घरी कसा जातो? सलाईन निघते, पोलीस जबाब घेतात, कार्डावर गोळ्या लिहून मिळतात. ‘आता असं काही करू नको हं’ म्हणून सिस्टर पुढच्या खाटेकडे वळतात. त्यांचा तरी काय दोष, वॉर्ड भरलेला असतो. पण ज्या विचाराने त्याला तिथवर आणले, त्याविषयी त्याच्याशी कोणी बोललेलेच नसते. घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे तर सर्वांत धोक्याचे.

हे बोलणे ज्याचे काम, तो समुपदेशक बहुतेक ठिकाणी कंत्राटी. मुदत संपली की खुर्ची रिकामी, आणि ती रिकामी आहे याची ओरडही होत नाही. एक्स-रे मशीन बंद पडले तर निदान बातमी होते. 2022 साली देशात 1,70,924 आत्महत्यांची नोंद झाली. त्यातल्या 22,746 महाराष्ट्रातल्या, सर्व राज्यांत सर्वाधिक.

‘नुसतं बोलून काय होणार?’ असे विचारणाऱ्यांसाठी थोडा हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नई, कोलंबो, ब्राझीलमधील कँपिनास, इराणमधील कराज आणि चीनमधील युनचेंग इथे आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या 1,867 जणांवर अभ्यास केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांशी घरी सोडण्याआधी तासभर बोलणे आणि पुढच्या 18 महिन्यांत 9 वेळा फोन किंवा भेट. दीड वर्षानंतर पहिल्या गटात आत्महत्येने गेलेले हजारी 22, दुसऱ्यात 2. महागडे यंत्र नाही, नवे औषध नाही, विचारपूस करणारा प्रशिक्षित माणूस तेवढा होता.

फिलाडेल्फियात 120 जणांवर झालेला अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. विचारांची पद्धत बदलायला शिकवणाऱ्या उपचाराच्या दहा बैठका मिळालेल्यांपैकी पुन्हा प्रयत्न करणारे शेकडा 24, न मिळालेल्यांत 42. तिथे गप्पा मारत नाहीत. शेवटच्या प्रसंगाआधी मनात काय आले, पाऊल कुठे घसरले, हे टप्प्याटप्प्याने शोधतात. आता असे उपचार करणारे अनेकजण कागदावर योजना लिहून देतात: धोक्याची खूण कोणती, त्या क्षणी काय करायचे, कोणाला फोन लावायचा, घरातून कोणती वस्तू दूर ठेवायची. संकटाची लाट बहुधा ओसरते. ती ओसरेपर्यंत तगून राहायची तयारी आधीच झालेली असते.

याने प्रत्येकजण वाचेल असे कोणी म्हणू नये. बहुतेक अभ्यासांत पुन्हा होणारे प्रयत्न कमी झालेले ठळक दिसतात; मृत्यूंबाबत पुरावा तेवढा भक्कम नाही, कारण त्यासाठी फार मोठे गट लागतात. गोळ्या लागतात त्याला गोळ्याही हव्यातच.

आणि हे आपल्या मातीत जमते. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना नैराश्य ओळखायला आणि धीर द्यायला शिकवले. सुमारे दीड वर्षात नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणारे शेकडा 4 वरून 27 वर गेले. वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचे सांगणारे शेकडा 5.2 वरून 2.5 वर आले. तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून सगळे श्रेय प्रकल्पाला देता येणार नाही. पण कर्जाबद्दल, दारूबद्दल, झोप उडाल्याबद्दल माणसे विचारल्यावर बोलतात, एवढे तर खरे.

तेव्हा आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात जा. रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांना गाठून विचारा: समुपदेशकाचे पद भरले आहे का? कंत्राट कधी संपते? प्रयत्न केलेला रुग्ण घरी गेल्यावर त्याला पहिल्या आठवड्यात फोन कोण करते? उत्तर मिळाले नाही तर लेखी मागा, ग्रामसभेत ठराव घ्या, आमदारांच्या कार्यालयात प्रत द्या. पगार वेळेवर आणि पद कायम, या दोन मागण्यांवर अडून बसा.

आणि आज कोणाच्या मनात मरणाचे विचार येत असतील, तर या ठरावाची वाट पाहू नका. ‘टेली मानस’चा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस, मोफत आणि मराठीत चालतो. शेजारच्या माणसाबद्दल काळजी वाटत असेल तर त्याला सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तसा विचार त्याच्या डोक्यात भरवला जात नाही. तो ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटे सोडू नका, तिथूनच फोन लावा.