फुटक्या दाण्याचा हिशेब

शेतीच्या बातम्या शहरी वाचकापर्यंत पोहोचतात त्या बहुधा दोनच प्रसंगी: पाऊस रुसला तेव्हा आणि भाव भडकले तेव्हा. या दोन टोकांच्या मध्ये, उभे पीक पोत्यात जाण्याच्या मोजक्या क्षणांत जे घडते, त्याची बातमी होत नाही. वस्तुत: धान्याचा दर्जा बऱ्याच अंशी तिथेच ठरतो. मक्याच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. आणि मका हे आता केवळ कोंबड्यांच्या खाद्याचे पीक राहिलेले नसल्याने या क्षणांकडे पाहणे भाग आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल तयार करण्यावर निर्बंध आणले आणि इथेनॉल उद्योगाची नजर मक्याकडे वळली. २०२३-२४ च्या पुरवठा वर्षात इथेनॉलसाठी सर्वाधिक वापरला गेलेला कच्चा माल मका ठरला. २०२५ मध्ये पेट्रोलमधील मिश्रणाने २० टक्क्यांचा टप्पा गाठला. मक्याचा हमीभाव २०२३-२४ मधील क्विंटलला २०९० रुपयांवरून २०२५-२६ साठी २४०० रुपये झाला. नाशिक, जळगाव, धुळे, जालना, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यातील शेतकऱ्याने मक्याला जवळ केले त्यामागे हे गणित होते. परंतु २०२५ च्या खरिपाचा माल बाजारात आला तेव्हा अनेक ठिकाणी भाव हमीभावाच्या बरेच खाली राहिले. भाव पडले की ग्राहक चोखंदळ होतो, आणि अशा वेळी शेतकऱ्याच्या हाती उरते ती एकच गोष्ट, मालाचा दर्जा. तो दर्जा मळणीयंत्रात कसा घडतो वा बिघडतो, हे समजून घ्यायचे तर अमेरिकेच्या मका पट्ट्याकडे पाहावे लागते.

आयोवा-इलिनॉयमध्येही एकेकाळी कणसे तोडून ती हवेशीर कोठ्यांत महिनोन्महिने वाळवीत आणि मग सावकाश दाणे काढीत. १९५० च्या दशकाच्या मध्यात कम्बाइन हार्वेस्टरला मक्यासाठीचे खास तोंड बसवले गेले, आणि कापणी, मळणी व उफणणी ही तिन्ही कामे शेतातच, एका फेरीत उरकू लागली. वेळ वाचला, मजुरी वाचली. पण दाणा ओला असतानाच कणसापासून सुटू लागल्याने त्याची फूट वाढली. यंत्राने एक प्रश्न सोडवताना दुसरा उभा केला, आणि पुढची कित्येक दशके तिथल्या कृषी विद्यापीठांनी या दुसऱ्या प्रश्नावर खर्ची घातली.

हे यंत्र चालते कसे? त्याच्या तोंडाशी दोन फिरते रूळ मक्याचे ताट खाली खेचतात आणि रुळांवरच्या दोन लोखंडी पट्ट्या कणीस अडवून तोडतात. पट्ट्यांमधील फट गरजेपेक्षा रुंद असेल तर कणसाचे बूड रुळांना घासते आणि मळणीपूर्वीच दाणे मातीत जातात. पुढे कणसे रोटरकडे, म्हणजे फिरत्या दंडगोलाकडे जातात. हा रोटर आणि त्याखालची जाळीदार लोखंडी कमान, जिला कॉन्केव्ह म्हणतात, यांच्या मधल्या जागेत दाणे सुटतात. तिथे कणसे एकमेकांवर घासून दाणा सुटावा, लोखंडावर आपटून नव्हे, ही त्यातली मेख आहे. रोटरचा वेग वाढला की घासणे संपते आणि आपटणे सुरू होते. म्हणूनच दाणे फुटलेले दिसले की जाणकार चालक आधी वेग उतरवतो आणि त्यानेही भागले नाही तर कॉन्केव्हची फट वाढवतो.

फट योग्य आहे की नाही, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. यंत्रामागे पडलेली, दाणे निघालेली कणसे उचलून पाहिली की पुरे. ती अखंड किंवा दोन तुकड्यांत असतील तर सारे ठीक आहे. ती उभी चिरफाळली असतील तर फट फार कमी; त्यांना बरेच दाणे चिकटून असतील तर फार जास्त. चाळण्यांचेही तसेच आहे. खालची चाळणी फार बंद ठेवली तर चांगला दाणाही परतीच्या वाटेने पुन्हा मळणीकडे जातो आणि दुसऱ्यांदा मार खातो. पंख्याचा वारा कमी पडला तर तूस आणि कचरा दाण्यात राहतो, जास्त झाला तर दाणाच भुशाबरोबर मागे उडतो.

एक गोष्ट मात्र प्रथमदर्शनी उलटी वाटेल. यंत्र अर्धे रिकामे ठेवून संथ चालवले तर दाणा वाचेल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो अधिक फुटतो. पुरेशा भरलेल्या यंत्रात कणसेच एकमेकांना गादीसारखी सांभाळतात. शिवाय ओलाव्याचे भान सुटून चालत नाही. दाण्यात साधारण २० ते २५ टक्के ओलावा असताना काढणी करावी, असा तिथला संकेत आहे. त्याहून ओला दाणा ठेचला जातो, फार सुकलेला तडकतो. सकाळच्या दवात बरोबर असलेली मांडणी दुपारच्या उन्हात चुकीची ठरते. म्हणून चालकाने दिवसातून अनेकदा खाली उतरून जमिनीकडे आणि टाकीतल्या दाण्याकडे पाहायचे असते.

तिथला चालक हे सारे करतो, कारण न केल्यास पैसे कापले जातात. अमेरिकेत १९१६ च्या कायद्यापासून धान्याच्या प्रतवारीची राष्ट्रीय व्यवस्था आहे. मक्याचा नमुना ठराविक, सुमारे पावणेपाच मिलिमीटर भोकांच्या चाळणीतून चाळतात. चाळणीखाली पडलेला चुरा आणि वर राहिलेला परका कचरा मिळून पहिल्या प्रतीत २ टक्के, दुसऱ्या प्रतीत ३ टक्के, तर पाचव्या प्रतीत ७ टक्क्यांपर्यंत चालतो. व्यापाराचा बहुतेक आधार दुसरी प्रत हाच असल्याने ३ टक्क्यांच्या पुढे गेले की सहसा भावात कपात होते. एका साध्या चाळणीने शेतातल्या चालकाला शिस्त लावली आहे.

आपल्याकडे चित्र निराळे आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर. इतक्या लहान तुकड्यांवर मका बहुतांशी हातानेच तोडला जातो आणि ट्रॅक्टरवर चालणाऱ्या मळणीयंत्रातून काढला जातो. यंत्रवाला भाड्याचा, आणि त्याची मजुरी पोत्याच्या, तासाच्या वा एकराच्या हिशेबाने. हार्वेस्टर आला तरी हा व्यवहार बदलत नाही. ज्याला अधिक पोती म्हणजे अधिक पैसे मिळतात, तो यंत्राचा वेग कमी कशाला करील? त्यात शेतकऱ्याचा धाक असतो तो सांडलेल्या दाण्याचा. तो रास्तही आहे. दर चौरस फुटात दोन दाणे पडलेले दिसले तर एकरी सुमारे २५ किलो मका मातीत गेला असे समजावे. हमीभावाने त्याचे ६०० रुपये होतात. म्हणून तो ओरडतो आणि यंत्रवाला फट आवळतो. सांडणारा दाणा थांबतो, पण पोत्यात फुटका दाणा वाढतो. सांडलेला दाणा डोळ्यांना दिसतो, पोत्यातला फुटका दिसत नाही. आणि काट्यावर तर फुटक्याचे वजन अखंड दाण्याइतकेच भरते. बाजार समितीत व्यापारी मूठभर दाणे हातात घेतो, ओलावा मोजतो आणि बोली लावतो. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याला १४ टक्क्यांची मर्यादा आहे आणि खराब दाण्याचेही निकष आहेत. पण रोजच्या लिलावात फुटीचा स्वतंत्र हिशेब क्वचितच होतो. परिणामी काळजीपूर्वक मळणी करणारा आणि मातेरे भरून आणणारा, दोघे जवळजवळ एकाच भावात निघतात.

ही बाब केवळ शेतकरी आणि व्यापारी यांच्यातली असती तर एक वेळ सोडून देता आली असती. पण दाण्याचे साल हे त्याचे नैसर्गिक कवच असते. ते फुटले की बुरशीला दार उघडे होते. पोत्यांच्या थप्पीत वा कोठीत चुरा एका जागी साचतो, तिथून हवा खेळत नाही, आणि थोडा ओलावा असला तर ॲस्परजिलस जातीची बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. या विषाचा आपल्या देशात आलेला अनुभव भयंकर आहे. १९७४ च्या अखेरीस राजस्थान-गुजरात सीमेवरील बांसवाडा आणि पंचमहाल भागात अवकाळी पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका खाल्ल्याने आदिवासी गावांत ३९७ जण आजारी पडले आणि १०६ दगावले. तिथे दोष मळणीचा नव्हता, पावसाचा आणि साठवणीचा होता. पण ओला आणि त्यातही फुटका दाणा साठवणे म्हणजे काय, याची कल्पना त्यावरून यावी.

शहरी ग्राहकाचा संबंध इथे येतो. बुरशीचा मका गाईने खाल्ला तर त्या विषाचे एक रूप दुधात उतरते. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशव्यापी दूध पाहणीत ६४३२ पैकी ३६८ नमुन्यांत ते मर्यादेपेक्षा अधिक आढळले. पाण्याच्या भेसळीची चर्चा करणाऱ्या आपल्याला हे फारसे ठाऊकही नाही. इथेनॉलने हा प्रश्न सुटत नाही, उलट गडद होतो. दाण्यातील पिष्टाचे इथेनॉल होते. उरलेला चोथा पशुखाद्यात जातो आणि मूळ दाण्यातले विष त्यात सुमारे तिपटीने एकवटते. खराब मका इथेनॉलला चालतो, ही समजूत म्हणूनच महागात पडणारी आहे.

मजुरांची टंचाई पाहता हार्वेस्टर मक्यातही येणार, हे उघड आहे. प्रश्न तो कसा येणार, हा आहे. हाताने तोडलेले कणीस उन्हात वाळवून मग मळता येते. हार्वेस्टरमधून निघणारा दाणा ओलाच असतो आणि त्याला वाळवणी यंत्र लागते. केंद्राचे कृषी यांत्रिकीकरणाचे उपअभियान २०१४-१५ पासून अवजारांना अनुदान देत आहे. ते केवळ यंत्राच्या किमतीवर न थांबता चालकाचे प्रशिक्षण आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या वाळवणी केंद्रांपर्यंत पोहोचायला हवे. आणि त्याहीपेक्षा सोपी गोष्ट म्हणजे प्रत्येक बाजार समितीत एक ठराविक चाळणी ठेवणे, लिलावापूर्वी नमुना तीतून चाळणे आणि फुटीचा टक्का फलकावर लिहिणे.

याने एका हंगामात क्रांती होणार नाही. परंतु अखंड दाण्याला चार पैसे अधिक मिळतात हे एकदा दिसले की शेतकरी यंत्रवाल्याला 'जरा हळू घे' म्हणेल आणि यंत्रवालाही पाना घेऊन खाली उतरेल. यंत्राला दाण्याची पारख नसते. ती बाजाराने करायची असते. आपला बाजार आज ती करीत नाही आणि त्याची किंमत शेतकरी पोत्यात, तर शहर पेल्यात चुकवीत आहे.