खालचा ओठ सतत कोरडा राहतो?

थंडीत फुटलेले ओठ साय-तूप लावले की चार दिवसांत बरे होतात. पण बाराही महिने खालचा ओठ खरखरीत राहत असेल, त्यावर पांढरट चट्टे किंवा पापुद्रे येत असतील, ओठाची कड पुसट झाली असेल, तर तो वर्षानुवर्षांच्या उन्हाचा परिणाम असू शकतो. या विकाराला ‘ॲक्टिनिक चिलायटिस’ म्हणतात. उन्हात राबणाऱ्यांत, विशेषतः गोऱ्या वर्णाच्या लोकांत, तो अधिक आढळतो. ओठाची त्वचा पातळ असते, तिच्यात रंगद्रव्यही कमी असते.

दुर्लक्ष केल्यास काहींना तेथेच कर्करोग होतो. वेळीच गेल्यास त्वचारोगतज्ज्ञ द्रवरूप नायट्रोजनने, ५-फ्ल्युरोयुरॅसिलच्या मलमाने किंवा लेसरने खराब झालेला थर काढून टाकतात. मात्र ओठाला गाठ लागत असेल किंवा जखम ३ आठवड्यांतही भरत नसेल, तर आधी तुकडा काढून तपासणे आवश्यक असते.

उपचारानंतरही रुंद काठाची टोपी आणि एसपीएफ ३० चा लिप बाम सोडू नये. तंबाखू आणि विडी-सिगारेट मात्र कायमची सोडावी.